दुपारी दोन ते पाचची अक्का

इकडं ये गं, बस जवळ. तू बेंगळुरात आणि मी कसबा बावड्यात, तरी मी बस म्हटलं की बसायचं, आणि तो मोबाइल जरा पालथा घालायचा. माझ्या अभ्यासिकेत बसून सीए झालीस, मोठ्या कंपनीत लागलीस, नवीन गाडीचा फोटो पाठवलास. दिवाळीला मेसेज येतो, संक्रांतीला तिळगुळाचं चित्र येतं. सगळं कौतुक आहे. पण अक्काचं पुढं काय झालं, हे एकदाही विचारलं नाहीस. तू एकटीच नाहीस म्हणा. तुमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहिते आहे. मी सातवी शिकलेली बाई, लिहायला बसले की बोलल्यासारखंच होतं, ते चालवून घ्या.

अक्कानं पहिल्याच दिवशी मला हबकवलं होतं. आमचे मालक वारल्यावर मी माडीवरची मधली भिंत पाडून मोठी खोली केली, टेबलं टाकली आणि बाहेर अभ्यासिकेची पाटी लावली. सीएची दोन पोरं आली, त्यांच्या मागून आणखी आली, आणि माडी त्यांचीच झाली. एके दिवशी चाळिशीला टेकलेली एक बाई जिना चढून वर आली. अंगावर साधी कॉटनची साडी, पाठीला कॉलेजच्या पोरांसारखी सॅक, हातात पितळी डबा. कुणाची तरी आई असेल म्हणून एका पोरानं विचारलं, काकू, डबा कुणाला द्यायचाय. ती म्हणाली, मलाच. आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. दुपारी जेवणं झाली आणि रोजच्यासारखी सगळी पोरं टेबलावर डोकी टाकून निजली. बाई उठली आणि तिनं सगळे पंखे बंद केले. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा. पोरं घामानं भिजून उठली आणि थेट माझ्याकडं तक्रार घेऊन आली. मी पदर खोचून वर गेले, म्हटलं, बाई, पंख्याचे पैसे मी घेते, तू कोण बंद करणार. तर ती शांतपणे मला म्हणाली, "मावशी, यांचा पेपर दुपारी दोनला सुरू होतोय आन् पाचला संपतोय. सगळं कोल्हापूर त्या वेळेला निजतंय. ही पोरं जन्मभर त्या वेळेला निजल्यात. पेपरातबी निजतील की."

मी तोंड उघडं टाकून उभी. इतकी पोरं माझ्याकडं शिकून गेली, क्लासवाल्यांनी हजार गोष्टी सांगितल्या, पण ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्या दिवसापासून दोन ते पाच माडीवर कुणी निजायचं नाही असा कायदा झाला. परीक्षा महिन्यावर आली की रोज त्याच वेळेला, घड्याळ लावून, पेपर लिहायचा. लिहिताना पाणीसुद्धा तिथंच, बाटलीतून. उठायचं नाही. तिचं नाव वेगळंच होतं, पण तिच्या माहेरी थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, धाकटा भाऊ एकदा तसं हाक मारताना पोरांनी ऐकलं आणि ती सगळ्यांची अक्का झाली.

ती जैनांची, हातकणंगल्याजवळच्या गावातली. आयुष्यात अंड्याला हात लावला नाही तिनं, पण कुठल्या पोरानं मटण कधी खायचं हे तीच ठरवायची. तुझ्या आधीच्या बॅचला तालमीतला एक दांडगा पोरगा होता. पेपरला जायचं म्हणून आईनं त्याला लाडानं तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से करून पोटभर वाढले, वर भात. गडी परीक्षेच्या हॉलमध्ये बसला आणि वाचायची पंधरा मिनिटं संपायच्या आत पेंगला. हॉलवर देखरेखीला असलेल्या बाईंनी खांद्याला हलवून जागं केलं तेव्हा बराच वेळ गेलेला. अक्कानं त्याला रागावलं नाही. पुढच्या वेळी ती सरळ त्याच्या आईकडं गेली आणि म्हणाली, मटण कराच, पण शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी करा, मी स्वतः त्याला घरापर्यंत सोडायला येते. आली पण सोडायला. बाहेर ओट्यावर बसून तिनं लिंबू सरबत घेतलं आणि आत तो हादडत होता. त्याच्या आईला वाटलं ही बाई वेडी आहे. पोरगा पास झाल्यावर तीच आई गुळाची ढेप घेऊन आली.

पेपरच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून सेंटर बघायला जायचं, हा तिचा दुसरा कायदा. मुलगी बघायला निघाल्यासारखी सगळी नीट कपडे करून निघायची आणि पुढं अक्का. ती सांगायची, नुसतं तोंड बघून परत यायचं नाही. नळाला पाणी आहे का, जिना किती उभा आहे, बाथरूमचं दार लागतं का, पिशव्या कुठं ठेवायला लावतात, सगळं बघायचं. मला हसू यायचं. पण एका वर्षी एका पोरीचं सेंटर जिथं वाटत होतं तिथं नव्हतंच. एकाच संस्थेची दोन कॉलेजं, नावं जवळजवळ सारखी, आणि दोन्ही शहराच्या दोन टोकांना. आदल्या दिवशी कळलं म्हणून बरं. ती पोर रस्त्यातच मटकन बसली. अक्का म्हणाली, आज बसलीस तेवढं पुरे, उद्या बसायला जागा सापडली आहे.

शेवटच्या पंधरवड्यात कुणाच्या हातात नवीन पुस्तक दिसलं की ती काढून घ्यायची आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात कोंबायची. किल्ली माझ्या कमरेला. पोरं माझ्या मागं लागायची, आजी, एकच चॅप्टर बघतो. मी अक्काकडं बोट दाखवायची. ती म्हणायची, "आता नवीन सोयरीक न्हाय. झाल्यात ती नांदवायची." तेच ते पुस्तक, तेच ते कोपरे दुमडलेले, पुन्हा पुन्हा. तूही रडली होतीस त्या फडताळापुढं, आठवतं का? तुझ्या मैत्रिणीनं पुण्याहून कसल्या तरी नोट्स पाठवल्या होत्या, त्या अक्कानं पाकीट न फोडता आत टाकल्या. परीक्षा झाल्यावर दिल्या तर तू उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीस.

पेपर सुटून घरी आलं की त्याबद्दल बोलायचं नाही. जो कुणी तुझं उत्तर काय आलं म्हणेल त्यानं माझी भांडी घासायची. खरं सांगते, पहिल्या मोसमात आठवडाभर मी एक ताट घासलं नाही. नंतर मात्र पोरं शहाणी झाली आणि भांडी पुन्हा माझ्या गळ्यात आली.

पण तिचं मुख्य सांगणं निराळंच होतं. ते ती प्रत्येकाला पेपरला जाताना पायऱ्यांवर उभी करून ऐकवायची. आधी ओळखीच्या घरी जायचं, म्हणजे येणारा प्रश्न आधी लिहायचा, चहा तिथंच मिळतो. आणि अडलं की सोडायचं. "ताळेबंद जुळला न्हाय तर जुळला न्हाय," ती म्हणायची. "जेवढं बरोबर केलंय तेवढ्याचे मार्क देत्यात ते. फरक तसाच ठेवायचा, खाली एक रेघ मारायची आन् पुढं जायचं. पुढचे प्रश्न तुमची वाट बघत बसल्यात." ताळेबंद म्हणजे काय हे मला तुमच्यामुळंच कळलं. दोन बाजू, दोन्हींची बेरीज सारखी आली पाहिजे, आणि मोठ्या परीक्षेत ती सहसा सारखी येत नाही.

आता यातला धक्का ऐक. तुला वाटत असेल, तुला काय, मलाही वाटायचं, की ही बाई इतकं सांगते म्हणजे ती कधीच पास झालेली असणार. कुठं तरी शिकवत असेल, आणि हौस म्हणून इथं येऊन बसत असेल. तुमचा निकाल लागला, तुम्ही सगळी अंगणात नाचत होता, मी पेढे आणले. अक्कानं सगळ्यांना पेढा भरवला. मी म्हटलं, आता तुझा कुठल्या वर्षीचा पेढा राहिला सांग, तोही देते. ती म्हणाली, मावशी, माझा अजून व्हायचाय. एक ग्रुप राहिलाय, निम्मे पेपर. याही वेळेला राहिला.

माझ्या हातातला पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला. तिनं ज्यांना ज्यांना शिकवलं ती एकामागून एक पार झाली, आणि ही मात्र त्याच एका ग्रुपवर, दरवेळी त्याच पहिल्या, ताळेबंदाच्या पेपरात, थोडक्यात अडकलेली. नवरा हातकणंगल्यात पंप दुरुस्त करतो, साधा माणूस, त्यानं कधी नको म्हटलं नाही. पण मुलगी आता दहावीला जायची होती, सासू थकलेली, आणि तिनंच ठरवलं होतं की जानेवारीची परीक्षा शेवटची. त्यात नाही झालं तर सॅक धुऊन मुलीला देऊन टाकायची.

का अडकते, हे मला डिसेंबरात कळलं. त्या महिन्यात ती माझ्याकडंच राहायला आली होती. एके दिवशी दोन ते पाच लिहिणं झालं, पोरं खाली आली, अक्का आलीच नाही. तिची जेवायची वेळ सूर्य मावळायच्या आत असते, नंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी ताट करून वर गेले. तर ती अजून ताळेबंदाच्या पहिल्याच गणितावर. पुढचे प्रश्न कोरे, पान उलटलेलंच नाही. म्हटलं, अगं, सोड ना, तूच सांगतेस. तिनं मान हलवली. साखर कारखान्याच्या चिमणीमागं सूर्य गेला, तरी ती उठली नाही, आणि मी ते ताट झाकून खाली घेऊन आले. त्या दिवशी ती उपाशी निजली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. तिचे वडील, आप्पा, गावात गूळ आणि भुसार मालाचं दुकान चालवायचे. त्या घरात एक रीत होती. दिवसाच्या हिशेबाचा मेळ बसल्याशिवाय आप्पा गादीवरून उठायचे नाहीत, आणि आप्पा उठल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत. मेळ सूर्य मावळायच्या आत बसला नाही तर सगळं घर थेट सकाळी जेवणार. ती सहा-सात वर्षांची असताना एकदा तसं झालं होतं. सगळी भावंडं उपाशी निजली, आई चुलीपुढं बसून राहिली. पण आप्पांनी खोटं काही सांगितलं नाही, हे ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. ती म्हणाली, मावशी, दुसऱ्याला सोड म्हणायला काय जातं. मी सोडून पुढं गेले की चुलीपुढं बसलेली आई दिसते. पेन उचलत नाही. पुढचा प्रश्न दिसतच नाही मला.

दोन दिवस तसेच गेले. मग मी एसटीत बसले आणि तिच्या माहेरी गेले. तिला सांगितलं, नणंदेकडं चालले.

आप्पा पडवीत बसले होते. पांढरी टोपी, धोतर, जाड भिंगांचा चष्मा. मी अभ्यासिकेची मालकीण म्हटल्यावर त्यांनी सुनेला चहा ठेवायला आत पाठवलं. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, आप्पा, तुमच्या मेळापायी तुमची लेक अडकली आहे. तुम्ही एकदा तिला सांगा, की न जुळता उठलं तरी चालतं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही.

आप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. आत कप वाजायला लागले तेव्हा पुढं वाकून म्हणाले, "ताई, मेळ रोज कुठं बसतोय हो?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, म्हणजे?

"बसला न्हाय तरी बसला म्हणून उठायचो. पोरं दारातनं माझ्याकडं बघत असायची. सूर्य काय माझ्यासाठी थांबणार हाय का? जेवलो, पोरं निजली की मग शोधत बसायचो. कधी सापडायचं, कधी न्हायच."

आणि ते उपाशी निजल्याचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, तेवढ्या एका दिवशी फरक फारच मोठा होता, माझ्या तोंडावरच दिसत होतं, बायकोला खोटं सांगता आलं नाही. लेकीच्या नेमकं तेच ध्यानात राहिलं.

सुनेनं चहा आणून ठेवला. तो मी कधी प्यायले, प्यायले की नाही, मला आजही आठवत नाही. एवढं मोठं घर, एवढी मोठी रीत, आणि ती सगळी एका माणसाच्या रोजच्या खोटं बोलण्यावर उभी. तेही पोरांच्या पोटासाठी. मला राग यावा की हात जोडावेत हे कळेना. मी म्हटलं, मग हे तिला सांगा. तर म्हातारा हळूच म्हणाला, "कसं सांगू? आप्पा खोटं बोलत न्हाय, एवढ्यावर तर ती मोठी झालीया." चपला घालताना एवढंच म्हटलं, की परीक्षा तिची शेवटची आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अक्का पोरांना घेऊन सेंटर बघायला गेली होती. परत आली तर माझ्या पायरीवर आप्पा बसलेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं असंच तिला वाटलं. ते म्हणाले, सगळे बरे आहेत, जरा बस. अंगणातल्या शेवग्याखाली दोघं बसली. मी स्वयंपाकघरात गेले, पण खिडकी अंगणाकडंच आहे, त्याला मी काय करणार.

आप्पांनी तिला सगळं सांगितलं. अगदी साध्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं. अक्का ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं.

"किती वेळा?"

"मोजलं न्हाय," आप्पा म्हणाले.

ती उठली. गाडीची वेळ झाली, निघा, एवढंच बोलली. बापाच्या पाया पडल्याशिवाय त्याला कधी न सोडणारी पोर, फाटकापर्यंतसुद्धा गेली नाही. आप्पा एकटेच रिक्षा शोधत निघाले. मी खिडकीत थिजून उभी. मला वाटलं, संपलं. शेवटच्या दिवसांत नवीन काही डोक्यात घालायचं नाही असं हिनं वर्षानुवर्षं सांगितलं, आणि मी आदल्या दिवशी तिच्या डोक्यात केवढा धोंडा टाकला. ती भिंतीकडं तोंड करून निजली.

सकाळी तिनं कुणाला रागावलं नाही, कुणाचं पुस्तक काढून घेतलं नाही, पायऱ्यांवर उभं राहून काही सांगितलं नाही. पोरं पेपरपेक्षा त्यानं जास्त घाबरली. अक्कानं मुगाची खिचडी खाल्ली, हॉल तिकीट पाहिलं, साधं घड्याळ मनगटाला बांधलं आणि गेली.

पाच वाजून गेल्यावर एकेक पोर परत यायला लागली. पहिल्यानं येताच चप्पल भिरकावली आणि सांगितलं, आजी, ताळेबंद कुणाचाच जुळला नाही, सगळा हॉल घामाघूम. त्याला भांडी घासायला लावायचंही मला सुचलं नाही. जानेवारीचा सूर्य, बघता बघता खाली जातो. मी एकदा रस्त्याकडं बघत होते, एकदा चिमणीकडं. ही तिथंच शेवटपर्यंत त्या एका गणितावर बसली असणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती. ताट केलं नाही. कशाला करायचं, असं मनात आलं.

रिक्षा थांबली. अक्का उतरली, नळावर हातपाय धुतले, आत आली आणि पाटावर बसली.

"मावशी, ताट करा. लवकर करा, ऊन चाललंय."

मी झुणका वाढला, भाकरी वाढली, आमटी वाढली. विचारायचं धाडस नव्हतं. तिनं एक भाकरी संपवली, दुसरी मागितली. ती अर्धी झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "जुळला न्हाय. बराच फरक होता. रेघ मारली आन् पुढं गेले. सगळा पेपर लिहिला, मावशी. पहिल्यांदा सगळा लिहिला."

आमटीची पळी माझ्या हातात तशीच राहिली. ती जेवत होती गं. मेळ न बसता जेवत होती. आणि डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं ते पुसतही नव्हती. जेवण झाल्यावर तिनं स्वतःहून पदर खोचला आणि मोरीत भांडी घासायला बसली, कारण पेपरचा विषय तिनंच काढला होता. मी अडवलं नाही. तेवढं तिचं तिला करू दिलं.

निकालाच्या दिवशी ती तिच्या घरी होती. सगळ्यांच्या एकाच वेळी धडका, वेबसाइट उघडेना. माझा फोन वाजला आणि पलीकडून नुसता श्वास. मी म्हटलं, जाऊ दे अक्का, जाऊ दे, माणसं धडधाकट आहेत ना. तर ती म्हणाली, मावशी, झालं. मी फोन हातात घेऊन खालीच बसले. पहिल्या पेपरात काठावर, बाकीच्यांत बऱ्यापैकी, पण झालं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आप्पांकडं गेली. पेपरच्या आदल्या दिवसापासून बापलेकीत बोलणं नव्हतं म्हटलं तर चालेल, फोनवर कसे आहात, बरं आहे, एवढंच. आप्पांनी पेढा कपाळाला लावला, मार्क विचारले, कुठल्या पेपरात किती हे सगळं विचारलं. मग चष्मा सारखा करून म्हणाले, मग तो फरक कुठून आला होता?

ती म्हणाली, "बघितलं न्हाय, आप्पा."

"असं कसं? नंतर तरी बघायचं की."

"न्हाय बघितलं. आता बघणारबी न्हाय."

आप्पांना काही ते पटेना. ते पडवीत उठून उभे राहिले, पुन्हा बसले, म्हणाले, तो पेपर असेल ना तुझ्याकडं, दे, मी बघतो. ती म्हणाली, रद्दीत घातला. आणि एकदम खुदकन हसली. त्या पेपराच्या दिवसापासून मी तिला अशी हसलेली पाहिली नव्हती. म्हातारा कावराबावरा होऊन माझ्याकडं बघायला लागला. मग ती खाली वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली, आणि आप्पा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

अक्का आता वारणानगरला असते. तिथं एका जुन्या सीएंबरोबर बसते, बाहेर तिच्या नावाची छोटी पाटी आहे. इकडं येणं होत नाही तिचं, फोन मात्र रविवारी चुकत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आता इचलकरंजीची एक पोरगी बसते, चांगली आहे, पण मी वर गेले की क्षणभर त्या खुर्चीकडं बघतेच. अजून मला तो धक्का पचलेला नाही बघ. जी गोष्ट ती सगळ्यांना वर्षानुवर्षं शिकवत होती ती शिकायला तिला स्वतःला बापाचं खोटं कळावं लागलं. आणि जो बाप रोज खोटं बोलून उठायचा, त्याच्या पोटात मात्र कधी एकही फरक जिरला नाही.

तेच तुला सांगायचं होतं. मागच्या महिन्यात आप्पांनी आमच्या एका पोराकडून तो पेपर मिळवला. लेकीला पत्ता नाही. रोज दुपारी पडवीत बसून ते गणित सोडवतायत. हे नवीन नियम, नवीन पद्धती त्यांना कुठून यायला? भिंग लावून वाचतात, डोळ्यांतून पाणी येतं, तरी सोडत नाहीत. परवा मी गेले होते तर मला म्हणाले, ताई, तुमची ती बेंगळूरची पोरगी लई हुशार होती म्हणे, तिला विचारता येईल का. मी हो म्हणून आले आहे, तुला न विचारता. तेव्हा रजा काढ. येत्या शनिवारी-रविवारी जमव. स्टेशनवर कुणाला तरी पाठवते, नाहीतर मीच येते. दोघी मिळून जाऊ. तू त्यांच्या शेजारी बस, आणि तो फरक कुठं आहे तेवढं त्यांना दाखव. अक्काला मात्र बोलायचं नाही. डोळे फार कमी झालेत त्यांचे, उशीर करू नकोस. ये.